कशात आंबवायचं?

कुठलीही वस्तू घेण्याआधी तक्ता करायची मला सवय आहे. फोन घेताना केला होता, गादी घेताना केला होता. लग्नासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हाही एक करून ठेवला होता. तो नंतर शहाणपण सुचून पुसला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतरच्या नोकरीत मी एवढंच नीट शिकलो असेन, की निर्णय अवघड वाटला की त्याचे रकाने पाडायचे.

२०२४ च्या मार्चमध्ये सटाण्याला, आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत बसून मी असाच एक तक्ता केला. उभ्या रकान्यांत किंमत, वजन, हवा आत येते का, उजेड आत येतो का, घासायला सोपं आहे का, तापमान सांभाळता येईल का. आडव्या ओळींत प्लास्टिकची बादली, काचेचा बुधला, स्टीलची कोठी, चिनी मातीची बरणी, मातीचा माठ. फाइलला नाव दिलं, ‘कशात आंबवायचं’. काय आंबवायचं ते मुद्दामच लिहिलं नाही, कारण लॅपटॉप कधी कधी धाकटी बहीणही वापरते.

काय आंबवायचं होतं, तर बिअर.

हा नाद मला लागला लीड्सला. कंपनीने क्लायंटकडे पावणेदोन वर्षांसाठी पाठवलं होतं. तिथे ज्या घरात मी खोली घेतली होती, त्यातला दुसरा भाडेकरू यॉर्कशायरचाच होता आणि दर दोन महिन्यांनी जिन्याखालच्या कपाटात बिअर लावायचा. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात ती अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःपुरती कितीही करा, फक्त विकू नका. त्यामुळे तिथे हे प्रकरण आपल्याकडच्या लोणच्याइतकं घरगुती आहे. सुपरमार्केटच्या पुढच्याच गल्लीत दुकान, दुकानात बादल्या, बुचं, नळ्या, यीस्टची पाकिटं, आणि गल्ल्यावर सल्ला द्यायला उत्सुक असलेले आजोबा.

मला वाटायचं, बिअर म्हणजे कृती. किती माल्ट, किती हॉप्स, किती वेळ उकळायचं. पण त्या सोबत्याचं म्हणणं, की कृती कुठलीही घे, पहिली पाच वेळा बिअर बिघडली तर भांड्यामुळे बिघडेल. तसंच झालं. पहिलीच खेप मी भांड्याच्या काठापर्यंत भरली, आणि दुसऱ्या रात्री फेस झाकण उचलून जिन्याखालच्या गालिच्यावर आला.

त्यामागचं गणित नंतर मांडलं, तेव्हा मजा वाटली. वीस लिटर माल्टच्या गोड काढ्यात यीस्टला खाता येईल अशी साखर साधारण दोन किलो असते. यीस्ट त्या साखरेचं निम्मं अल्कोहोल करतं आणि वजनाने जवळजवळ निम्माच कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक किलो वायू. एक किलो वायू म्हणजे पाचशे लिटरच्या आसपास. वीस लिटरच्या भांड्यातून दहा-बारा दिवसांत पाचशे लिटर वायू बाहेर पडायचा असतो! भांडं घट्ट बंद केलं तर ते फुटणार. उघडं ठेवलं तर हवा आत येणार, हवेबरोबर जंतू आणि चिलटं येणार आणि बिअरचा व्हिनेगर होणार. म्हणून झाकणात एअरलॉक बसवतात. वाकडी नळी, तिच्यात दोन चमचे पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर जातो, बाहेरची हवा पाणी ओलांडून आत येऊ शकत नाही. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून गटाराचा वास अडतो, तीच युक्ती.

बाकी भांड्यांचं शास्त्र आपापल्या गावाचं असतं. लीड्सपासून थोड्या अंतरावर टॅडकास्टर नावाचं गाव आहे. तिथली सॅम्युअल स्मिथ ही जुनी ब्रुअरी अजूनही पाटीच्या दगडाच्या चौकोनी हौदांत बिअर आंबवते. त्या हौदाला ‘यॉर्कशायर स्क्वेअर’च म्हणतात. हौदाला वर दुसरा मजला असतो, मध्ये भोक. फेस भोकातून वर चढतो, त्यातली बिअर निथळून परत खाली येते, यीस्ट वर राहतं. जॉर्जियात द्राक्षांचा रस जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात आंबवतात, आतून मधमाशीचं मेण लावून. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस परंपरेने मातीच्याच मोठ्या भांड्यांत आंबतो. ज्याला जे मिळालं, त्याने त्याची खोड ओळखून काम काढलं.

परत येताना मी दोन भांडी आणली. एक पंचवीस लिटरची पांढरी बादली, तिच्यात कपडे भरून. दुसरा साडेचार लिटरचा काचेचा बुधला, अरुंद गळ्याचा, तीन स्वेटरांत गुंडाळून. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बुधल्याकडे बघून विचारलं, “ह्यात काय ठेवतात?” मी म्हणालो, “पाणी.” तो म्हणाला, “इतक्या लांबून?”

सटाण्याला बादली उघडल्यावर माय पहिलं वाक्य बोलली ते असं: “हाई बादली कसाले लयनी?” घरी आम्ही अहिराणीच बोलतो, इथून पुढे सगळ्यांच्या सोयीसाठी बोलणं प्रमाण मराठीत लिहितो. मी म्हणालो, असू दे, कामाला येईल. कंपनीने आठवड्यातले बहुतेक दिवस घरून काम करायची मुभा दिली होती, आणि मी मनात उन्हाळ्यातली पहिली खेप ठरवूनही टाकली होती.

एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती बाजूला सारत होतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि ‘घरी स्वतःला पिण्यापुरतं’ अशी सूट त्यात नाही. पुण्यात २००९ मध्ये डुलाली सुरू झाली ती रीतसर परवाना काढून. नाशिकच्या वायनऱ्यांना २००१ च्या धोरणाने खास वाट करून दिली. गच्चीवरच्या खोलीला कोणी वाट करून दिलेली नाही. पण पाच लिटरसाठी कोण येतंय, असं मी स्वतःला सांगितलं. ज्यांना हे सांगायला कुणी भेटत नाही ते सगळे असंच सांगतात.

तर तक्ता. बादली स्वस्त, हलकी, तोंड मोठं म्हणून धुवायला सोपी. प्लास्टिकमधून हवा अगदी किंचित आत झिरपते, पण दोन आठवड्यांच्या कामात त्याने बिघडत नाही. तिचं एकच दुखणं, ओरखडा. आतून ओरखडा पडला की त्या खाचेत जंतू घर करतात. मग कितीही निर्जंतुक करा, ते निघत नाहीत. म्हणून तिला मऊ फडक्यानेच पुसायचं, घासणी लावायची नाही.

काचेला ओरखडा नाही, वास धरत नाही, हवा येत नाही. पण उजेड येतो, आणि उजेडाने हॉप्समधले घटक फुटून बिअरला घाण वास येतो. शिवाय मोठा बुधला भरल्यावर हातातून निसटला तर पाय कापतो.

स्टील सगळ्यांत उत्तम. नाशिकजवळच्या एका वायनरीत दुहेरी भिंतीच्या टाक्या पाहिल्या होत्या, भिंतीच्या पोकळीतून गार द्रव फिरवतात. सटाण्याच्या भांड्यांच्या दुकानात मिळते ती धान्याची कोठी. तिचं झाकण उंदराला अडवतं, हवेला नाही.

बरणी आजीची, लोणच्याची, खांद्याला तपकिरी पट्टा असलेली. तोंडावर दादरा बांधला की वायू जातो आणि माशी येत नाही. पण जुन्या झिलईला केसासारख्या भेगा होत्या. भेगांत तीस वर्षांचं लोणचं होतं, आणि जुन्या झिलईत शिसं असलं तर आंबटाबरोबर ते उतरतं.

माठ छिद्रांमुळे गार राहतो, आणि त्याच छिद्रांमुळे कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही.

सहावी ओळ मी लिहून खोडली होती, निळा ड्रम. आमच्याकडे प्रत्येक द्राक्षबागेत तो असतो, दोनशे लिटरचा, फवारणीची औषधं कालवायला. त्यातलं काही पोटात घालायचं नाही हे उघड आहे. पण खोडण्याचं कारण तेवढंच नव्हतं. हातभट्टीवर छापा पडला की पेपरात जो फोटो येतो, ‘गूळमिश्रित रसायन नष्ट’, त्यात आडवे पडलेले असतात ते हेच ड्रम.

खरा प्रश्न होता तापमानाचा. बिअरच्या यीस्टला अठरा ते वीस अंश आवडतात, आणि आंबताना ते स्वतःही उष्णता सोडतं. बागलाणात एप्रिलमध्ये चाळिशी गाठलेली असते. मी बुधल्याला ओलं गोणपाट गुंडाळून परातीत पाण्यात ठेवला, समोर टेबलफॅन लावला आणि आत थर्मामीटर सोडला. हवा कोरडी असल्याने खोलीत छत्तीस असताना आतलं पाणी सत्तावीसपर्यंत उतरलं. अजून थोडा बर्फ घातला तर जमलं असतं. मला फार आनंद झाला.

ह्याच दिवसांत मायचं कुरडयांचं काम सुरू झालं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. लहानपणापासून मी हे बघत आलोय, ते कढत चीक खाण्याच्या लोभाने. ह्या वेळी पहिल्यांदा भांड्याकडे बघितलं. गहू तिने स्टीलच्या पातेल्यात घातले होते. मी विचारलं, जर्मनच्या मोठ्या पातेल्यात का नाही? तिने माझ्याकडे असं बघितलं, की ह्याला शिकवण्यात पैसे वाया गेले.

“आंबतं ना ते. जर्मन काळं पडतं. पितळेत घातलं आणि कल्हई गेलेली असली तर कळकतं. मातीत घातलं तर पुढच्या वर्षीपर्यंत वास जात नाही.”

“आणि प्लास्टिक?”

“नवं असलं तर चालतं. पण झाकण दाबायचं नाही. गहू श्वास घेतात.”

माझ्या तक्त्यातले निम्मे रकाने तिने उभ्या उभ्या भरून टाकले. मग मी बार्लीबद्दल बोललो, नाव न घेता. एक धान्य असतं, त्याला मोड आणून वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात ठेवतात, की ते गोड होतं. ती म्हणाली, “नागलीला आपण मोड आणतो तसंच की. लहान पोरांना देतात ते.” बरोबरच होतं. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारे एन्झाइम तयार होतात, नागली काय, बार्ली काय. मग तिने विचारलं, “गोड झाल्यावर त्याचं काय करतात?” मी म्हणालो, पितात. ती काही बोलली नाही, पण तिने बादलीकडे बघितलं.

इथे आप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांनी डाळिंबाची दोन एकर बाग लावली होती. तेल्या आला आणि आमच्या भागातल्या असंख्य बागांसारखी तीही मुळासकट उपटावी लागली. डाळिंबावर काळे तेलकट ठिपके पडतात, मग फळ तडकतं. तेव्हा मी शाळेत होतो. बाग गेल्यामुळे आप्पा प्यायला लागले की आधीपासून पीत होते आणि बाग गेल्यावर लपवणं सोडलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सुरुवातीला दुकानातली, पैसे संपल्यावर नदीकडची. २०१५ च्या दिवाळीनंतर त्यांनी सोडली. कुठल्या केंद्रात गेले नाहीत, माळ घातली नाही, कुणाची शपथ घेतली नाही. एक दिवस गेले नाहीत, मग दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. घरात ह्यावर कधी बोलणं झालं नाही. आम्ही सगळे जण दारू हा शब्द टाळून बोलायला शिकलो, जसं घसरड्या मोरीत सगळेच सवयीने भिंतीला धरून चालतात.

मी स्वतः पितो हे त्यांना माहीत आहे. पुण्यात मित्रांबरोबर एखादा ग्लास होतो. एकदा त्यांनी विचारलं, मी हो म्हणालो, ते म्हणाले, “गाडी चालवू नकोस.” तेवढंच.

बिअर लावण्याआधी एअरलॉक गळतोय का ते बघायचं म्हणून मी बुधल्यात चाचणी लावली. पाणी, साखर, किसलेलं आलं, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट. स्वतःशी म्हणालो, हे काय, सरबतच आहे. दुपारी लावलं, संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री वीज गेली आणि उन्हाळ्यात नेहमी करतो तसे आम्ही सगळे गच्चीवर अंथरुणं घालून झोपलो.

दोनच्या सुमारास जाग आली. आप्पांची गादी रिकामी होती. खोलीचं दार उघडं होतं. आत ते प्लास्टिकच्या खुर्चीवर अंधारात बसले होते, गोणपाट गुंडाळलेल्या बुधल्यासमोर. आणि एअरलॉक वाजत होता. बुळुक. मग तीन-चार सेकंद थांबून पुन्हा बुळुक. दिवसा पंख्याच्या आवाजात तो ऐकू आला नसता. रात्री वीज नसताना सबंध गच्चीवर ऐकू येत होता. वासही होता. आल्याचा, आणि आल्याच्या खाली दुसरा, पावासारखा, गोडसर. लीड्सला त्या वासाने मला घरी आल्यासारखं वाटायचं.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी मान वळवली नाही.

“आलं आहे,” मी म्हणालो. “आल्याचं सरबत.”

“हं.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “ड्रमाचा आवाज असा नसतो. ड्रमात पावसासारखं वाजतं. झाकण कान लावून ऐकायचे तिथे. तयार झालं का ते आवाजावरून कळायचं.”

मी काही बोललो नाही. त्यांच्या तोंडून त्या दिवसांबद्दल मी ऐकलेली ही पहिली चार वाक्यं.

“किती दिवस चालतं हे?”

“ह्याचं चार-पाच दिवस.”

“आणि त्या मोठ्या बादलीतलं?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. बहुधा सुरुवातीपासून.

“दहा-बारा दिवस.”

“रात्रीसुद्धा?”

“हो. ते मध्ये थांबत नाही.”

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माझ्या शेजारून जाताना म्हणाले, “चालेल. तेवढे दिवस मी खाली झोपत जाईन.”

आणि ते गेलेच. गादी उचलून खाली, बंद खोलीत. पंखा नाही, भिंती दिवसभराच्या तापलेल्या. नको कर असं ते म्हणाले असते तर मी वाद घातला असता. माझ्याकडे मुद्दे तयार होते. बिअर म्हणजे हातभट्टी नव्हे, चार-पाच टक्के असते, युरोपात घरोघर करतात, मी कधी हाताबाहेर गेलो नाही. ह्यातला एकही मुद्दा त्या वाक्यापुढे वापरता येण्यासारखा नव्हता.

मी उरलेली रात्र त्याच खुर्चीवर बसलो. भांडं आत काय येऊ देतं, हे मी सहा रकान्यांत तपासलं होतं. हवा, उजेड, उष्णता, जंतू. भांड्यातून बाहेर काय जातं त्याचंही गणित केलं होतं, एक किलो, पाचशे लिटर. ते पाचशे लिटर घरात कुणाच्या नाकाशी जाणार आहेत, हे मांडलं नव्हतं. एअरलॉक बाहेरच्या हवेला आत येऊ देत नाही. आतल्या वासाला अडवणारं त्यात काही नसतं. तो वास बाहेर सोडण्यासाठीच तर ते बसवलेलं असतं. स्टीलचं घ्या, काचेचं घ्या, आंबणाऱ्या गोष्टीला अडवून धरणारं भांडं करता येत नाही. अडवलं की फुटतं.

उजाडल्यावर मी बुधला खाली नेला आणि परसातल्या शेवग्याच्या आळ्यात रिकामा केला. आप्पा ओट्यावर दात घासत होते. त्यांनी बघितलं आणि चूळ भरली. माय म्हणाली, “इतकं आलं वाया घालवलंस.” त्या रात्री वीज होती, तरी आप्पांनी गादी गच्चीवर आणली.

कधी परदेशी राहायला गेलो तर पुन्हा बिअर लावेन, नाही असं नाही. त्याचा वास मला आवडतो, अजूनही. त्या रात्री माझ्यातलं काही बदललं असा माझा दावा नाही. फक्त ह्या घरात ती लावायची नाही एवढं ठरलं, आणि ते कायद्याच्या भीतीने ठरलं नाही हे मला माहीत आहे.

बुधला फडताळात वरच्या फळीवर आहे, बूच लावलेला. अरुंद गळ्यामुळे माय म्हणते, त्याचा काही उपयोग नाही. तक्ता लॅपटॉपवर तसाच आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये पुण्याहून घरी गेलो, तर गहू पांढऱ्या बादलीत भिजत होते. पंचवीस लिटरची असल्यामुळे शेजारच्या काकूंचेही त्यातच घातले होते. माय खूश होती. म्हणाली, “चांगली आहे. इंग्लंडची वाटते. आतून पिवळट झाली होती, तारेच्या घासणीने खसाखसा घासली, एकदम लख्ख.”

मी पाण्यात हात घालून वरच्या कडेपाशी आतून नख फिरवलं. ओरखडेच ओरखडे होते, गोल गोल, पार खालपर्यंत. कुठल्याही पुस्तकाप्रमाणे ती बादली आता बिअरसाठी बाद.

“काय बघतोस?” तिने विचारलं.

“काही नाही. कितवा दिवस?”

“आज तिसरा. पाणी बदल. आणि झाकण नुसतं ठेव, दाबू नकोस.”

मी पाणी बदललं. वरती आंबूस फेस आला होता, तो हाताने काढला. झाकण नुसतं ठेवलं.